रिकाम्या जागेनं सुरू होणारी ओळ

"हा बादल कोण?" मंदारनं विचारलं, आणि रंजिता म्हणाली, "कोणी नाही. नमुना आहे."

म्हणून झाल्यावर तिनं बाटलीचं झाकण उघडलं, एक घोट घेतला, झाकण लावलं. पाणी कोमट होतं. होळी जवळ आली की लोहाऱ्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या या पत्र्याच्या छपराखाली सगळंच कोमट होऊन जायचं, खुर्चीचे हात, टेबलाची काच, माणसांचे आवाजसुद्धा. खाली जिनिंगच्या मशिनींचे सुटे भाग घासायचं वर्कशॉप होतं. त्याची घरघर फरशीतून चपलेत आणि चपलेतून पोटरीत चढत असे. आज ती गुडघ्यापाशी येऊन थांबली होती. त्याच्या वर काही लागत नव्हतं. कोणी नाही, असं आपण म्हणालो, हे तिनं एकदा मनात म्हणून पाहिलं, भूल दिलेली दाढ जिभेनं चाचपून पाहावी तसं. दाढ होती. दुखत नव्हती.

मंदार अजून उभाच होता. यवतमाळातल्या जुन्या नोकरदार घरातला. आजोबा कचेरीत, वडील सिंचन खात्यात, आणि हा पुण्याची नोकरी सोडून गावात येऊन स्वतःची छोटीशी कंपनी काढून बसलेला. ओरडत नसे. सांगायचं अवघड असलं की टेबलाच्या कडेवर बोटानं रेघ ओढत राहायचा, तशी आताही ओढत होता. "नाही, रोज सकाळी टेस्ट लावल्या की पहिलं याचंच नाव दिसते. बादल पास. मला वाटलं कोणी कस्टमर असेल." मग तो मुद्द्यावर आला. बंगलोरचे जे लोक यांची लायब्ररी घेऊन आपल्या कामात जोडणार होते, त्यांनी अट घातली होती. तपासणीच्या नमुन्यांत खऱ्या माणसाचं नाव नको, खरा पत्ता नको, खरा मजकूर नको. आत्ताच्या आवृत्तीत नको आणि जुन्या आवृत्त्यांमध्येही नको, मागचं सगळं धुऊन काढायचं. "इमेलचे नमुने तूच टाकलेत, तर तूच बदलून टाक. आज होऊन जाईल ना?"

"होईल, सर."

"काहीही टाक. अबकड टाक."

"माह्या नवऱ्याचं नाव टाक," पलीकडच्या टेबलावरून निकिता म्हणाली. "तो तसाही खरा माणूस आहे का नाही, मले अजून समजलं नाही."

मंदार हसला. रंजिताही हसली, ओठ कुठपर्यंत न्यायचे हे तिला ठाऊक होतं.

लायब्ररी म्हणजे दुसऱ्यांच्या प्रोग्रॅममध्ये बसवायचा एक तयार भाग, आणि यांच्या लायब्ररीचं काम एकच, इमेलचा माथा वाचणं. इमेल उघडणाऱ्याला चार गोष्टी दिसतात, कोणाकडून, कोणाला, कधी, विषय काय. पण त्यांच्या मागे ओळींची एक उतरंड असते. प्रत्येक ओळीत आधी नाव, मग एकावर एक दोन ठिपके, मग मजकूर. इमेल ज्या ज्या यंत्रातून पुढे जाते ते यंत्र आपली एक ओळ सगळ्यांच्या वर चढवतं, मला मिळालं, अमक्याकडून, अमक्या वेळेला. म्हणून वाट समजून घ्यायची तर खालून वर वाचत जायचं. रंजिताला हे समजायला वेळ लागला नव्हता. तिच्या बंजारा लोकांनी बैलांच्या पाठीवर मीठ न् धान्य लादून कधीकाळी मुलूख तुडवला होता, आणि तांड्यातल्या म्हाताऱ्या बाया अजून गाण्यात मुक्काम मोजत, आजच्या मुक्कामापासून मागे मागे, पार पहिल्या पाण्यापर्यंत. आणखी एक नियम होता. ओळ फार लांब झाली तर ती मोडून खाली न्यायची मुभा असते. मात्र ती खालची ओळ रिकाम्या जागेनं सुरू झाली पाहिजे. वाचणाऱ्यानं सगळ्यात आधी ती रिकामी जागा पाहायची. दिसली की समजायचं, ही वेगळी ओळ नाही, हिला स्वतःचं नाव नाही, वरचीच पुढे चालली आहे. नोकरीला लागली त्या दिवसांत हा नियम तिला इतका गोड वाटला होता की तिनं तो फोनवर भावाला सांगितला होता. बादल टेम्पो चालवता चालवता म्हणाला होता, "म्हणजे लहान लेकरू मायच्या मांगं चालते तसं. नाव कोणी पुसत नाही त्याचं. पदर धरून असते ना."

नमुना त्याचाच होता. तो पुसदला गाडीचे कागद करायला गेलेला, कॅफेवाल्याचा प्रिंटर बिघडलेला, बसून बसून काय करावं म्हणून त्यानं जन्मातली पहिली इमेल लिहिली होती, बहिणीला. लिहायचं म्हटलं की दोघंही मराठीत यायची, बोलायची मात्र तांड्याच्या गोर बोलीत, जिच्यात आईला याडी म्हणतात. आणि त्यानं सगळं पत्र विषयाच्या रकान्यात लिहून टाकलं होतं. खालचा मोठा चौकोन पांढराच. 'रंजी मी पुसदले आलो कागद कराले याडी विचारते जेवली का मी म्हणलं जेवली असंल नाही जेवली तं जेव तुह्या मशीनीले माझं नाव वाचता येते का पाह्य आणि सांग.' कुठे थांबणं नाही, घाटातून गाडी सोडून दिल्यासारखं. तिनं फोन करून विचारलं तेव्हा म्हणाला, "मंग काय करू? तिथं विषय म्हणून लिहून होतं. खालचा डबा मले वाटलं साहेबाच्या सहीसाठी आहे." दोघंही इतकी हसली होती की त्याला टेम्पो बाजूला लावावा लागला. पण त्याच्या त्या चुकीनं तिचं एक मोठं काम झालं होतं. देवनागरी अक्षरं इमेलच्या माथ्यात तशीच जात नाहीत; ती इंग्रजी अक्षरं-आकड्यांत बदलून पुड्या बांधून पाठवतात, आणि मजकूर लांब असला तर पुड्याही अनेक. कॅफेतल्या जुनाट प्रोग्रॅमनं पुड्या बांधताना कुठेही सुरी चालवली होती, आणि 'जेवली का' मधला ज बरोबर मधून कापला गेला होता, अर्धा एका ओळीत, अर्धा खालच्या ओळीत. लायब्ररी एकेक पुडी वेगळी सोडायची, म्हणून पडद्यावर ज च्या जागी दोन काळे चौकोन आले, पोटात प्रश्नचिन्ह असलेले. रंजितानं आठवडाभर डोकं लावून ते नीट केलं. रिकाम्या जागेनं जोडलेल्या पुड्या आधी एकत्र करायच्या, मग सोडायच्या. ज अख्खा निघाला. तेव्हापासून ती इमेल नमुना म्हणून लायब्ररीत होती आणि फाइलचं नाव तिनं ठेवलं होतं बादल. रोज सकाळी कोणीतरी टेस्ट लावायचं आणि पडद्यावर हिरव्या अक्षरांत येऊन जायचं, बादल पास. तो गेल्यानंतरही येत होतं. दिवाळीच्या आधी तो गेला. रोज सकाळी पास होत होता.

तो हळद घेऊन हिंगोलीच्या बाजारात निघाला की प्रत्येक गावाला तिला मिस कॉल द्यायचा. तिनं तो उचलायचा नाही, नुसता पाहायचा. तांड्यावरून निघाला की एक, फुलसावंगीला एक, उमरखेडला एक, कळमनुरीला एक, हिंगोलीला एक. लहानपणीची सवय, दोघं शाळेतून येताना तो पुढे पळायचा आणि प्रत्येक वळणावरून शिट्टी मारायचा, आणि ती शिट्टी ऐकून ती निवांत, चिंचा वेचत, मागून यायची. त्या दिवशी उमरखेडचा आला होता. मग कळमनुरीच्या अलीकडे टायर बसलं, तो रस्त्याच्या कडेला जॅक लावून वाकला, आणि मागून येणाऱ्या गाडीला तो दिसला नाही. टेम्पोला नुसता पोचा पडला. रंजिता त्या दुपारी कामात होती. कळमनुरीचा कॉल आला नाही हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं. बापाचा फोन आला तेव्हासुद्धा तिच्या मनात पहिलं हेच आलं होतं, की आता हिंगोलीचा यायला हवा.

आताही फोन थरथरला. बा. ती उठून जिन्यात गेली. जिन्याच्या खिडकीतून शेजारच्या बंद कारखान्याच्या आवारातला पळस दिसत होता, पान एक नाही आणि फुलंच फुलं. ती त्या फुलांकडे पाहत राहिली. लाल आहेत, एवढं तिला समजलं.

"पुसदचे लोकं रविवारी गाडी पाह्याले येऊन राह्यले," देवीलाल म्हणाला. तो नेहमी असाच मधूनच सुरू करायचा.

"द्या मंग, बा."

"देतो तं. चावी कुठं हाय? तुह्या याडीनं कमरेले बांधली. म्हणते, रंजी येऊन रडल्याबिगर गाडी हलणार नाही म्हणजे नाही. कोंबड्या अंडे देऊन राह्यल्या सीटवर."

"मले काम आहे, बा. बंगलोरचं."

"काम तं असतेच." थोडा वेळ नुसता वाऱ्याचा आवाज आला; तो वावरात उभा असावा. मग तो म्हणाला, "मले ते गाडी दिसते ना, बाई. सकाळी उठलं का दिसते. मी मागच्या दारानं जाऊन राह्यलो वावरात."

मागून याडीचा आवाज आला, "कना आवछी?" कधी येतेस, एवढंच. ती फोन हातात घेत नसे, लांबूनच विचारायची, आणि रोज तेवढंच विचारायची. रंजिता रोज सांगायची, पाहते. आजही म्हणाली, पाहते.

तिला जायची भीती नव्हती. भीती वाटली असती तर बरं झालं असतं. तांड्यात बाया पुष्कळ दिवसांनी भेटल्या की गळ्यात पडतात आणि सुरात रडतात. मध्यंतरी जे झालं ते सगळं त्या रडण्यातच एकमेकींना सांगायचं असतं. कोणी गेलं असलं तर मग त्याचं नाव आधी. प्रत्येक ओळीच्या तोंडाशी गेलेल्याला हाक, मारो बादल, म्हणजे माझा बादल, आणि पुढे त्याचं काही. एकीनं ओळ घ्यायची, मग श्वास घ्यायचा, आणि त्या श्वासाच्या जागेत दुसरीनं आपली ओळ घालायची. लहानपणी रंजिता शेजारच्या चंदाबाईच्या ओट्यावर बसून हे ऐकायची आणि तिला वाटायचं, या रडतात की गातात. बादल तर नक्कल करून हसवायचा, कुत्र्याच्या पिल्लाला गळ्याशी धरून. त्या दिवशी तो अंगणात चादरीखाली होता आणि एकेक बाई येऊन याडीच्या गळ्यात पडत होती. रंजिताची पाळी आली. याडीनं ओळ घेतली, मारो बादल, कालच तर शर्टाची गुंडी लावून घेतली माझ्याकडून, आणि श्वास घेतला. ती जागा रंजिताची होती. तिनं तोंड उघडलं. आत काही नव्हतं. दुःख दाटून गळा धरला, असंही नव्हतं. नळ सोडावा आणि नुसती हवा यावी तसं झालं. याडी थांबली होती. सगळ्या बाया थांबल्या होत्या. कोणीतरी बारीक आवाजात म्हणालं, "शिकलेली पोरगी, लाजते रडाले." मग याडीनं पुन्हा पहिल्यापासून, मारो बादल, म्हणून नवी ओळ धरली, आणि ती चंदाबाईनं पुढे नेली. पुरुषांनी उचला म्हटलं. रंजिता बाजूला सरकली तेव्हा तिला फक्त एवढं जाणवलं की तिच्या खांद्यावर याडीच्या कंकणाचा वळ उठला आहे. तो चांगले चार दिवस होता. नंतर तोही गेला. तेव्हापासून सोयऱ्याधायऱ्यांतली एकेक बाई येऊन याडीशी रडून गेली. लेकीची पाळी तेवढी राहून गेलेली होती, आणि याडी ती कोणालाही देत नव्हती.

ती जागेवर येऊन बसली आणि बादलची फाइल उघडली. मंदार म्हणाला होता, काहीही टाक. तिला आतून वाटत होतं की काहीही चालणार नाही. पत्र काढलं की टेस्ट पडेल, लाल होईल, मग मंदारला सांगता येईल, सर, हा नमुना बदलता येत नाही, याच्यावाचून होत नाही. ते वाक्य तिनं मनात तयारसुद्धा करून ठेवलं. मग तिनं सगळ्या अक्षरांच्या जागी अ घातला. रिकाम्या जागा होत्या तिथेच ठेवल्या, सुरी होती तिथेच ठेवली. अअ अ अअअअ. कधी तरी पाटीवर गिरवल्यासारखं दिसत होतं. टेस्ट लावली. हिरवं. पास. तिनं अ काढून ळ घातला. पास. यंत्राच्या हिशेबात देवनागरीतलं कोणतंही अक्षर सारख्याच वजनाचं, मधून कापलं तर सारखंच फुटतं आणि जोडलं तर सारखंच जुळतं. हे तिला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. माहीत असलेलीच गोष्ट तिच्यापुढे आता हिरवी होऊन उभी होती आणि ती तिच्याकडे पळसाच्या फुलांकडे पाहावं तशी पाहत होती. त्याच्यावाचून होत होतं. सगळं होत होतं.

मग तिची बोटं आपणच चालू लागली. रिकाम्या जागा जिथल्या तिथे, आणि मधल्या घरांत मापाचे शब्द. ओवीला जसं माप असतं, कमी पडलं तर ग घालायचा, जास्त झालं तर गिळायचा. मारो बादल तू उमरखेडचा दिला कळमनुरीचा काहून नाही दिला मी पाहत नव्हते तरी द्यायचा होता शिट्टी मारायची होती वळणावरून. एक शब्द लांब झाला, तिनं तो तोडला. दुसरा आखूड होता, त्याला भावाची हाक जोडली, वीरा. सुरी बरोबर शिट्टीच्या ट वर आली. ट मधून कापला गेला, अर्धा वर, अर्धा खाली. तिनं टेस्ट लावली. पास. तिनं ते पुन्हा वाचलं. याडीच्या श्वासाच्या जागेत घालायची ओळ ती हीच होती, आणि ती आली होती बोटांतून, गळ्याला पत्ता न लागता. तिनं गळ्याला हात लावून पाहिला. तो आपला शांत होता, कोणा दुसऱ्याचा असल्यासारखा.

"रंजिता," निकिता मागे उभी होती, चहाचे दोन कप घेऊन. "तुह्या भावाचं नाव काय होतं व?" तिची नजर पडद्यावर होती, बाजूच्या खिडकीत जुना नमुना उघडा होता, त्याच्या वरच्या ओळीवर. कोणाकडून: बादल देवीलाल आडे.

"बादल," रंजिता म्हणाली.

निकितानं कप ठेवला. थोडा चहा टेबलावर सांडला आणि तिनं तो ओढणीनंच पुसला. "माय व," ती म्हणाली. "आणि मी नवऱ्याचं नाव टाक म्हणून राह्यली होती." ती मंदारच्या खोलीत गेली. काचेतून दिसलं, ती बोलत होती आणि मंदार उभा राहून ऐकत होता. मग तो बाहेर आला. या वेळी टेबलावर रेघ ओढायला त्याला जागा सापडेना. सांडलेल्या चहाचा ओलावा होता.

"तू सांगायचं होतंस. मी विचारलं तेव्हा."

"नमुनाच आहे, सर."

"मी त्यांच्याशी बोलतो. एक नमुना राहिला तर काही..." बोलून होणार नाही हे दोघांनाही समजत होतं. "असं कर, एक प्रत घरी पाठवून ठेव. मी पाहिलं नाही."

"पाठ आहे, सर," ती म्हणाली.

हे खरं होतं. तिनं आपली नवी ओळ पुसली, कारण तीही खरीच होती. पुन्हा सगळीकडे अ घातला. कोणाकडून: अअअ अअअअ अअ. फाइलचं नाव बदलून 'लांब विषय' ठेवलं. मग जुन्या आवृत्त्यांतून ती इमेल काढायची आज्ञा दिली. यंत्र मागे मागे जात राहिलं, त्या वर्षापर्यंत, त्या आठवड्यापर्यंत, आणि प्रत्येक थांब्यावरून ते पत्र काढत गेलं. फार वेळ लागला नाही. शेवटी टेस्ट लावल्या. सगळं हिरवं. पहिल्या ओळीत, लांब विषय पास. तिनं चहा प्यायला. तो मात्र अजून गरम होता.

"उद्या येत नाही, सर. तांड्यावर जाते," ती म्हणाली, आणि आपण हे आधी ठरवलं होतं का, ते तिला आठवेना.

आर्णीपर्यंत बसमध्ये बसायला जागा नव्हती, आर्णीला मिळाली. महागावला गाडी बदलली. खिडकीतून कपाशीच्या पऱ्हाट्या उपटलेली काळी वावरं जात होती. तिनं फोन मांडीवर उलटा ठेवला होता. फुलसावंगीला उतरली तेव्हा सवयीनं तिच्या अंगठ्यानं बादलचा नंबर काढला. मी पोचले, म्हणून मिस कॉल. तिनं तो लावला नाही. तांड्याकडे जाणाऱ्या ऑटोत हळदीची दोन पोती होती आणि त्यांच्यावर पाय ठेवून ती बसली. ऑटोवाल्यानं आरशातून पाहिलं, ओळखलं, गाणं बंद केलं.

तांड्यावर हळद शिजत होती. मोठ्या पिंपातून वाफ निघत होती, अंगणाअंगणांत वाळवण पडलं होतं, आणि सगळी हवा ओल्या मातीसारखी, कडवट, पिवळी. टेम्पो चिंचेखाली होता. मागच्या फळीतला पोचा तसाच. दार उघडं, सीटवर कोंबडी. देवीलाल ओट्यावर टेम्पोकडे पाठ करून बसला होता. लेकीला पाहून तो उठला, बसला. "आली," तो म्हणाला, कोणालाच नाही. याडी, सुखीबाई, वाळवणात उकिडवी बसून हळद पसरत होती. तिनं मान वर केली. हात झटकले नाहीत, पुसले नाहीत. उठून आली तशी चंदाबाई दारात आली, तिच्या मागे दोघी-तिघी. याडी वाळली होती. कंकणं कोपरापर्यंत घसरत होती. तिनं रंजिताच्या गळ्यात दोन्ही हात टाकले आणि तिचं डोकं आपल्या खांद्यावर ओढलं, आणि तिच्या छातीतून तो सूर आला, आधी शब्दावाचून, मग शब्द घेऊन.

मारो बादल, फुलसावंगीच्या पाराले विचारलं, म्हणाला इथून गेला. मारो बादल, उमरखेडच्या पुलाले विचारलं, म्हणाला इथून गेला, हात केला, हसला. मारो बादल, कळमनुरीच्या नाक्याले विचारलं.

आणि याडीनं श्वास घेतला.

रंजिताला ती जागा आली हे समजलं. शब्द तिच्यापाशी होते, मापाचे, तपासून पास झालेले. वीरा, शिट्टी, वळण. तिनं तोंड उघडलं. याडीच्या खांद्याचा वास आला, हळदीचा, घामाचा, राखेचा. वाफेत कुठेतरी लाकूड फुटलं. चंदाबाई थांबली होती. तोंडातून हवा आत गेली आणि हवा बाहेर आली, याडीच्या मानेवर, एवढंच. दुसऱ्यांदाही तेवढंच. आता याडी पुन्हा पहिल्यापासून हाक घालेल, मारो बादल, आणि कोणीतरी दुसरी पुढे येईल, आणि आपण बाजूला सरकू. रंजितानं पाय सरकवायलाही घेतला. याडीचे हात घट्ट झाले. तिनं हाक घातली नाही. नाव घेतलं नाही. जिथे श्वास घेतला होता तिथूनच, तोच सूर तसाच धरून, जणू मधे काही तुटलंच नव्हतं, ती पुढे म्हणाली, नाका बोलला नाही, त्याचं तोंड उघडं राहिलं, त्याच्यातून नुसता वारा आला, आणि मी समजली.

मग ती पुष्कळ वेळ पुढे जात राहिली. जिथे जिथे ती थांबली तिथे तिथे रंजिताचा श्वास येत होता आणि याडी तो ओळीत घेत होती.

मायलेकी सुटल्या तेव्हा चंदाबाई डोळे पुसत म्हणाली, "आवाज नाही निंगला पोरीचा."

"रडली," सुखीबाई म्हणाली. "मी आयकलं ना. तुले आयकू नाही आलं तं मी काय करू?" तिनं कमरेची गाठ सोडली, चावी काढली आणि नवऱ्यापुढे धरली. "घे. रडली माही बाई."

देवीलालनं चावी घेतली. टेम्पोपाशी गेला, कोंबडीला हुसकलं, अंडी उचलून टोपीत ठेवली, टोपी चिंचेच्या बुंध्याशी ठेवली. रंजितानं गालाला हात लावला. गाल ओला होता आणि बोटं पिवळी झाली. पाणी कोणाचं ते सांगता येत नव्हतं. मागे टेम्पो खोकला, पुन्हा खोकला, आणि सुरू झाला. त्याची घरघर जमिनीतून तिच्या चपलेत आली, पोटरीत आली, गुडघ्यापाशी आली. तिथे थांबली नाही.

याडी पदरानं तिचं तोंड पुसत होती, लहानपणी पुसायची तसं, जोरात.

"जेवली का?" तिनं विचारलं.

"नाही," रंजिता म्हणाली.